पडद्याचा पासंग

वाण्याच्या दुकानात सौदा घेताना तराजूची रिकामी पारडी सारखी आहेत की नाहीत हे आधी पाहून घ्यावे, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण. एक पारडे किंचित वर राहिले, तर त्यात एखादा खडा किंवा चिंचोका टाकून दांडी सारखी करावयाची आणि मगच वजन घालावयाचे. त्या खड्याला पासंग म्हणतात. एखादी वस्तू दुसरीपुढे अगदीच क्षुल्लक आहे असे सांगावयाचे असले म्हणजे ती तिच्या पासंगालाही पुरत नाही, असे आपण म्हणतो. परंतु ज्याने तराजू हाती धरला आहे त्याला ठाऊक असते की, पासंग चुकला म्हणजे पुढचे सारेच तोलणे चुकले.

वजनाविषयी इतका सावध असलेला आपला समाज रंगाविषयी मात्र विलक्षण भोळा आहे. फोनच्या पडद्यावर डाळिंबी दिसलेली साडी घरी येते ती विटकरी निघते, तेव्हा आपण दुकानदाराला दोष देतो, रंगाऱ्याला दोष देतो, क्वचित स्वतःच्या दृष्टीलाही दोष देतो. पण ज्या पडद्यावर ती साडी पाहिली त्याचा पासंग कोणी पाहिला होता काय, हा प्रश्न कोणाच्याच मनात येत नाही. डोळ्यांनी पाहिलेले खरे, हा आपला पिढीजात विश्वास; आणि आता डोळे व वस्तू यांच्यामध्ये एक काच येऊन उभी राहिली आहे, हे त्या विश्वासाने अद्याप ध्यानात घेतलेले नाही.

आपल्या भाषेतील रंगांची नावेच पाहा. डाळिंबी, अंजिरी, आमसुली, पोपटी, मोरपंखी, शेंदरी, अबोली, तपकिरी, विटकरी! यांतील प्रत्येक नाव म्हणजे एकेक खरी वस्तू आहे. आमसुली म्हणजे कसा, अशी शंका आली तर फडताळातील बरणी उघडून पाहता येते. जुन्या लोकांनी नकळत घरोघर रंगांची वजने मांडून ठेवली होती, असेच म्हणावयाचे. संगणकाच्या पडद्याला आमसूल ठाऊक नाही. त्याला तीनच आकडे कळतात : लाल किती, हिरवा किती आणि निळा किती. सामान्यतः प्रत्येक आकडा ० पासून २५५ पर्यंत चढतो, आणि तिहींच्या संयोगांतून १,६७,७७,२१६ रंग उत्पन्न होतात. संख्या मोठी भपकेबाज आहे. तथापि तीत एक मोठी उणीव आहे. लाल किती हे आकडा सांगतो. कोणाचा लाल, हे सांगत नाही. तोच आकडा दोन पडद्यांना दिला तर दोघेही आपापल्या परीने प्रामाणिकपणे दोन निरनिराळे रंग दाखवितात. हा घोळ मिटविण्यासाठी १९९३ साली काही उत्पादक एकत्र आले व त्यांनी प्रत्येक यंत्राबरोबर त्याच्या रंगस्वभावाचा एक दाखला असावा, अशी पद्धत घालून दिली. त्या दाखल्याला प्रोफाइल म्हणतात. पुढे १९९६ साली एसआरजीबी नावाचे एक सामाईक माप सुचविण्यात आले, आणि १९९९ साली त्यास आंतरराष्ट्रीय प्रमाणाची मान्यता मिळाली. पण माप ठरले म्हणून घरोघरचे तराजू आपोआप सुधारत नाहीत, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे.

या सर्व गोष्टींचा विचार करण्याची पाळी मजवर आली ती माझ्या वडिलांच्या चित्रांमुळे. अण्णा एका तालुक्याच्या गावी ड्रॉइंग मास्तर होते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांसाठी मुलांच्या पिढ्या त्यांनी तयार केल्या, आणि रविवारची सकाळ मात्र स्वतःकरिता राखून ठेवली. भाताची खाचरे, कौलारू घरे, ओढ्याकाठची करंजाची झाडे, जेष्ठातील भरून आलेले आभाळ, अशी जलरंगातील सुमारे चाळीस चित्रे त्यांच्या मागे राहिली. कागद पिवळा पडू लागला, कडा ठिसूळ झाल्या. तेव्हा भावंडांनी असे ठरविले की, चित्रे स्कॅन करून त्यांचे एक पुस्तक छापावे आणि प्रत्येक घरी एकेक प्रत असावी. नातवंडांना आजोबा कळतील ते त्या पुस्तकावरूनच. साहजिकच त्या पुस्तकातील हिरवा हाच त्यांच्या दृष्टीने अण्णांचा हिरवा होणार होता. म्हणून तो खरा असणे अगत्याचे होते.

माझ्या भाच्याने पहिली दहा चित्रे स्कॅन करून पडद्यावर मांडली आणि आईला बोलाविले. आईचे वय शहाऐंशी. तिने चष्मा सारखा केला, खाचराचे चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "हा हिरवा त्यांचा नव्हे. हा मुन्सिपालटीच्या बाकांचा हिरवा आहे."

भाच्याने तेच चित्र आपल्या लॅपटॉपवर काढले. तेथे ते खाचर पाणी न मिळाल्यासारखे निळसर, मलूल दिसू लागले. मूळ चित्र हातात होते. ते या दोहोंसारखेही नव्हते. आई म्हणाली, "ते नळीतला हिरवा कधी घेत नसत. गँबोज घ्यायचे आणि त्यात प्रशियन ब्लू कालवायचे. निळा जास्त झाला की स्वतःवरच चिडायचे." ज्या हिरव्यासाठी एक मनुष्य तीस-पस्तीस वर्षे दर रविवारी स्वतःवर चिडत होता, तो हिरवा पडद्याच्या मर्जीवर सोडून देणे मला प्रशस्त वाटेना.

छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या एका स्नेह्याकडून कलरिमीटर नावाचे उपकरण आणले. तळहातात मावेल एवढी डबी. तिच्या पोटाशी एक भिंग. ती पडद्यावर दोरीने फास दिल्यासारखी लोंबकळत ठेवावयाची. मग संगणकातील आज्ञावली तिच्याखाली एकामागून एक शेकडो रंगांचे चौकोन दाखविते, आणि प्रत्येक वेळी ती डबी काय दिसले ते कळविते. मागितलेला रंग आणि प्रत्यक्ष दिसलेला रंग यांतील अंतर काढून आज्ञावली दोन गोष्टी तयार करते. पहिली गोष्ट म्हणजे एक दुरुस्तीची वक्ररेषा : ग्राफिक कार्डाने आकडा पडद्याकडे धाडण्यापूर्वी त्यात किती अधिक-उणे करावे, हे ती ठरविते. हाच पडद्याचा पासंग. दुसरी गोष्ट म्हणजे वर सांगितलेला दाखला. पासंग घातल्यावरही या तराजूचा स्वभाव कसा आहे, हे तो चित्रे दाखविणाऱ्या आज्ञावलींना सांगतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ज्याला उमगले त्याचे अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे मात्र चार दिवस चालले. आज्ञावली प्रथम सुरूच होईना. ती पायथन या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेली होती, आणि त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली. सुदैवाने काही स्वयंसेवकांनी निरपेक्षपणे तीच आज्ञावली तिसऱ्या आवृत्तीत उतरवून ठेवली आहे. भाच्याने ती शोधून आणली. पहिले मोजमाप पुरे झाले आणि पाहतो तो पांढऱ्यावर गुलाबी झाक! "मामा, कागद लाजल्यासारखा दिसतोय," असा भाच्याने अभिप्राय दिला.

अशा वेळी वैद्याची रीत बरी. एकाच वेळी दहा औषधे देऊ नयेत. एकेक कारण वेगळे काढावे आणि प्रत्येक वेळी नाडी पाहावी. आम्ही आधी पडद्याच्या स्वतःच्या खोडी पाहिल्या. चित्र उजळ असले तर प्रकाश वाढवावयाचा, काळोखे असले तर कमी करावयाचा, असा एक आगाऊ गुण त्यात होता. जो साक्षीदार प्रश्नागणिक आवाज बदलतो त्याची जबानी काय घ्यावी? तो गुण बंद केला. पडदा सुरू केल्यावर अर्धा तास तापू दिला. कारण थंड पडद्याचा प्रकाश स्थिर नसतो. खिडकी झाकली. मग पांढऱ्याचे लक्ष्य ६५०० केल्विनच्या आसपास, म्हणजे दिवसाच्या सरासरी उजेडासारखे, आणि गॅमा २.२ असे ठरवून पुन्हा मोजले. गुलाबी झाक कायम.

तिचे मूळ अधिक खोल होते. कलरिमीटरच्या पोटात रंगीत गाळण्या असतात, आणि त्यांनी मानवी डोळ्याची नक्कल करावयाची असते. ती नक्कल कधीच पूर्ण साधत नाही. किती चुकते, हे पडद्यामागील दिवा कोणत्या जातीचा आहे त्यावर अवलंबून असते. पूर्वीच्या पडद्यांमागे बारीक फ्लुरोसंट नळ्या असत. हल्ली एलईडी असतात, आणि त्यांतही अनेक पोटजाती आहेत. उपकरण जुने, पडदा नवा, आणि आज्ञावलीने गृहीत धरला होता तो दिवा नळीचा. प्रत्येक जातीसाठी दुरुस्तीचे वेगळे कोष्टक मिळते. योग्य ते कोष्टक निवडल्याबरोबर कागदाची लाज नाहीशी झाली.

संध्याकाळी सारा पडदा हळूहळू हळदीचा झाला. यात गूढ काही नव्हते. रात्री डोळ्यांना निळा प्रकाश कमी लागावा म्हणून संगणकाची मूळ प्रणालीच दिवेलागणीला पडद्यावर पिवळी छटा चढवीत असे. ती सोय आरोग्याला उपकारक असेल, पण रंगाच्या कामात ती म्हणजे तराजूवर ठेवलेला अंगठा. तीही बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक झोपेतून उठला तो सारा पासंग विसरूनच. ती वक्ररेषा ग्राफिक कार्डात तात्पुरती वस्तीला असते. यंत्र बंद झाले किंवा निजले की ती पुसली जाऊ शकते आणि कोणीतरी ती पुन्हा भरावी लागते. आमच्याकडे भरणारे दोघे निघाले, एक मूळ प्रणालीचा आणि एक या आज्ञावलीचा. आणि एकाने घातलेला खडा दुसरा काढून टाकी. एकाला रजा दिल्यावर घरात शांतता नांदू लागली.

तरीही एका आज्ञावलीत ते खाचर बाकासारखेच हिरवे दिसत राहिले, आणि दुसरीत मात्र शांत झाले. शोध घेता कळले की, पहिली आज्ञावली दाखला वाचतच नव्हती. आमचा पडदा सामाईक मापापेक्षा अधिक भडक रंग दाखवू शकणारा. त्याला साधा आकडा दिला की तो आपल्या कुवतीनुसार हिरव्याला अधिक चढवी. श्रीमंताने "थोडेसे वाढा" म्हणावे आणि पानात अर्धी परात यावी, तसा तो प्रकार. आईने पहिल्या दिवशी जो दोष डोळ्यांनी काढला होता, त्याचे कारण हे असे चौथ्या दिवशी सापडले.

शेवटी आज्ञावलीने निकाल दिला : मागितलेला व दिसलेला रंग यांतील सरासरी अंतर एकाहून कमी. हे अंतर एक असेल, तर तो फरक सराईत डोळ्यालाही जेमतेम जाणवतो, असा ढोबळ हिशेब आहे. भाचा आनंदला. मला मात्र एक शंका राहिली. ज्या उपकरणाने दुरुस्ती केली त्याच उपकरणाने ती तपासली. म्हणजे साक्षीदाराने स्वतःच्याच साक्षीला दुजोरा दिला. मग खरा न्यायाधीश कोण?

या प्रश्नाचा माग काढीत गेले की आपण १९३१ सालाशी येऊन थांबतो. त्या वर्षी प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय मंडळाने 'प्रमाण निरीक्षक' नावाचा एक काल्पनिक मनुष्य निर्माण केला. डब्ल्यू. डी. राइट यांनी दहा जणांवर आणि जॉन गिल्ड यांनी सात जणांवर केलेल्या प्रयोगांतून त्याचे डोळे घडले. हे प्रयोग इंग्लंडात झाले. आज जगातील पडदे, छापखाने आणि रंगांचे कारखाने ज्याच्या दृष्टीने रंग मोजतात, तो मनुष्य म्हणजे या सतरा जणांची सरासरी होय. आमची डबीही त्याचीच नक्कल करीत होती. पुढे त्यात सुधारणा सुचविल्या गेल्या, तरी ते माप अद्याप मोडीत निघालेले नाही. सतरा डोळस माणसांनी केलेले काम इतके चोख होते, याचे कौतुकच केले पाहिजे. पण त्या सतरा जणांत कोणी शहाऐंशी वर्षांची, एका डोळ्यात मोतीबिंदू असलेली बाई खचितच नव्हती.

गेल्या वर्षी आईच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले; डाव्याचे अजून व्हावयाचे आहे. मोतीबिंदू झालेले भिंग पिवळे-तपकिरी पडते आणि निळा प्रकाश अडविते. ते काढले म्हणजे जग एकाएकी निळे, धुतल्यासारखे दिसू लागते. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या उजव्या डोळ्याचे असेच ऑपरेशन १९२३ साली झाले, आणि पुढे रंग खोटे दिसतात म्हणून तो हैराण झाला होता. आईने हैराण न होता त्याचा उपयोग करून घेतला. पडदा खिडकीकडे पाठ करून ठेवला, पडद्यावरील कोरा पांढरा कागदाइतकाच उजळ दिसेल इतपत प्रकाश कमी केला आणि मूळ चित्र खिडकीच्या उजेडात धरले. तिने आधी डावा डोळा झाकला, मग उजवा. असे चार-पाच वेळा केल्यावर म्हणाली, "या डोळ्याने हिरवा वेगळा, त्या डोळ्याने वेगळा. पण कागदावरचा आणि यातला, दोन्ही वेळा जोडीचेच दिसतात. केसभर फरक असेल तर असो."

माझ्या शंकेचे उत्तर मला त्या वाक्यात मिळाले. कोणत्या डोळ्याचा रंग खरा, हे पासंग ठरवीतच नाही. पाहणारा कोणीही असो, त्याला मूळ वस्तू व तिची प्रत शक्य तितकी एकसारखी दिसावी, एवढीच त्याची प्रतिज्ञा. आणि आईने म्हटलेला केसभर फरकही शास्त्राला धरूनच आहे : कागदावरील रंग आणि पडद्यावरील रंग यांचा प्रकाश मुळात वेगळ्या घडणीचा असतो, तो सतरा जणांच्या सरासरी डोळ्याला सारखा भासला तरी प्रत्येक डोळ्याला तंतोतंत तसाच भासेल असे नाही.

खाचर पार पडले. आभाळाने मात्र आम्हांला अडविले. एका चित्रात ओढ्यावर राखी रंगाचे सपाट आभाळ आहे. पडद्यावर राखी, कागदावरही राखी, दोन्ही तंतोतंत. आई म्हणाली, "इथे तांबडे होते. संध्याकाळ होती ती." मी अण्णांची रंगांची पेटी काढली. तीत अलिझरिन क्रिमझनची पिळून चपटी केलेली नळी होती. जलरंगात पातळ लावलेला हा किरमिजी उजेडाने उडून जातो, आणि ते चित्र वीस वर्षे समोरच्या भिंतीवर टांगलेले होते. म्हणजे हिरव्याविषयीची आईची तक्रार पडद्याविरुद्ध होती, तांबड्याविषयीची काळाविरुद्ध. पहिलीची दाद लावणारे उपकरण होते. दुसरीचे जगात कोठेही नाही. त्या संध्याकाळची साक्ष देणारे एकच मनुष्य आता हयात आहे.

भाचा म्हणाला, "आजी, तू सांग, मी घालतो तांबडे. तुला पटेपर्यंत घालतो." त्याने घालून दाखविले, आईने कमी करावयास सांगितले, मग किंचित पिवळ्याकडे न्यावयास सांगितले. अर्ध्या तासाने आभाळ मोठे सुरेख झाले. आई त्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "नको. पुसून टाक. तू घातलेले तांबडे उद्या मला त्यांचेच वाटायला लागेल."

या उत्तरावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. चित्रे आज जशी आहेत तशीच छापावयाची, हे ठरले. मात्र ज्या ज्या ठिकाणी रंग उडाला आहे असे आईस वाटते, त्या त्या चित्राखाली तिचे शब्द जसेच्या तसे द्यावयाचे. सध्या रोज सकाळी दोन चित्रे होतात. ती सांगते आणि भाचा उतरून घेतो. कोठे 'किनाऱ्याशी जांभळट छटा होती', कोठे 'हे पान पिवळे नव्हते, ऊन पडले होते', आणि एका ठिकाणी नुसतेच 'आठवत नाही'. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढल्या महिन्यातील आहे. पण चित्रे पुरी झाल्याखेरीज आपण जाणार नाही, असे तिने डॉक्टरांना आधीच कळविले आहे.